दहा महिने बटणाचा फोन: माझा अनुभव

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी सोलापूरच्या नव्या पेठेतून बटणाचा साधा फोन घेतला. किंमत १,९५० रुपये. खोकं काढता काढता दुकानदारानं विचारलं, "आजोबांसाठी का?" मी म्हणालो, "माझ्यासाठी." त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि गुपचूप बॅटरी बसवायला घेतली.

आता दहा महिने होत आले. एवढ्या दिवसांत वर्गातल्या आणि होस्टेलमधल्या दहा-बारा जणांनी मला बाजूला घेऊन विचारलंय की मोबाइल गेमचा नाद सुटायला यानं खरंच फरक पडतो का. विचारताना आवाज खाली जातो, त्यावरनंच कळतं की स्वतःसाठी विचारायलाय. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव लिहीत नाही, या किमतीतले फोन आतून बरेचसे सारखेच असतात. पाचपैकी साडेतीन तारे. दीड का कापला तेही सांगतो.

मी कुठल्या अवस्थेत हा फोन घेतला ते आधी सांगायला हवं, नाहीतर बाकीचं वाचून उपयोग नाही.

वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहेत, बहुतेक रात्रपाळी. आई घरी शाळेच्या गणवेशांची काजं-बटणं करते. मे-जूनमध्ये आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडे शर्टांचे गठ्ठे. मी बारावीला असताना लॉकडाऊनमध्ये तास ऑनलाइन झाले, तेव्हा वडिलांनी हप्त्यावर स्मार्टफोन घेऊन दिला. गेम त्यातच शिरला. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो, त्या प्रकारातला. त्याचंही नाव लिहीत नाही. त्याच्यासारखे दहा आहेत, एक गेला की पोरं दुसऱ्यावर जातात. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पब्जीसकट ११८ अ‍ॅपवर बंदी घातली तेव्हा आमच्या गल्लीतली पोरं दोन दिवस सुतकात बसल्यासारखी बसली होती. तिसऱ्या दिवशी सगळे दुसऱ्या गेमवर.

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षी माझ्या फोनमध्ये रोजच्या वापराची सरासरी दाखवायची ९ तास १४ मिनिटं. कॉलेज, जेवण, अंघोळ धरून चोवीस तासांतले ९ तास. मी ते बघायचो आणि बंद करायचो.

मे २०२४ ची एक रात्र सांगतो. आमच्या भागात तेव्हा चार दिवसांआड पाणी यायचं, तेही कधी रात्री दीडला, कधी पहाटे चारला. आई मावशीकडे बार्शीला गेलेली, वडील कामावर. पाणी भरायची जबाबदारी माझी. दोन पिंपं आणि बाहेरचा छोटा हौद. पावणेदोनला शेजारच्या काकू पत्र्याचं दार बडवत होत्या, "नीळ्ळु वच्चायि! अरे पाणी आलंय की!" काकू घाईत असल्या की आधी तेलुगू, मग मराठी. मला हेडफोनमधून ऐकू आलं. आलं नाही असं म्हणणार नाही. पण सातच जण उरले होते, आमचे चौघंही जिवंत होते, म्हटलं पाच मिनिटं. ती मॅच संपली, पोरं म्हणाली एक अजून. मी उठलो तेव्हा साडेतीन वाजले होते. नळ सोडला तर नुसती हवा, फुस्स.

वडील सकाळी साडेसातला आले. रात्रपाळीनंतर त्यांच्या भुवयांत, कानांवर, मानेवर कापूस चिकटलेला असतो. ते टॉवेल घेऊन मोरीत गेले, पिंपाचं झाकण उचललं, परत ठेवलं. ओरडले नाहीत. पिण्याच्या माठातलं तांब्याभर पाणी घेऊन तोंड धुतलं आणि डोक्यातल्या कापसासकट आडवे झाले. बाहेर ४२-४३ अंश. पुढचे चार दिवस आम्ही पाण्याचे जार विकत आणले.

यानंतर मी गेम बंद केला असेल असं कुणालाही वाटेल. मी त्याच रात्री खेळलो. मनातली ती टोचणी जायला तेच एक औषध माहीत होतं. हे सगळ्यात आधी समजून घ्या, विशेषतः घरच्यांनी. पोरगं लाज वाटत नाही म्हणून खेळतं, असं नसतं. बऱ्याचदा लाज वाटते म्हणूनच खेळतं.

त्या उन्हाळ्यातल्या परीक्षेत माझे दोन विषय गेले. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला आईनं माझी बाराबंदी, म्हणजे यात्रेत घालायचा पांढरा बंदांचा सदरा, इस्त्री करून ठेवली होती. नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीला मी लहानपणापासून वडिलांबरोबर चालतो. यंदा पोरांनी स्पर्धा ठेवलेली म्हणून गेलो नाही. बाराबंदी घडीतच राहिली. पुढच्या महिन्यात बँकेत पासबुक भरून आणलं, तर चार पानं बारीक बारीक नोंदींची. ८९, १९०, ८९, ८९. बंदुकीचा रंग, कपडे, पेट्या उघडायचे पैसे. बेरीज ११,६४०. आईला मी स्वतःच दाखवलं. ती काही बोलली नाही, सुईत दोरा ओवत राहिली. एवढ्या पैशात किती शर्टांची काजं होतात ते मी रात्री वहीत मांडून बघितलं. दुसऱ्या दिवशी नवी पेठ गाठली.

आता फोनचं.

पहिली चूक माझीच झाली. मी सगळ्यात स्वस्त, १,४०० चा घेऊन आलो. घरी जिओचं सिम घातलं तर नेटवर्कच नाही. तो फोन २जी होता आणि जिओचं २जी नेटवर्क नाहीच, त्यांना निदान ४जी फोन लागतो. परत गेलो, साडेपाचशे वर देऊन ४जी घेतला. म्हणून घेताना आधी आपलं सिम कुठलं ते बघा आणि दुकानातच ते घालून एक फोन लावून बघा. दुसरी गोष्ट, ४जीमधल्या काही बटणाच्या फोनमध्ये व्हिडिओ वगैरे चालतात. तसला घेऊ नका. मी व्हॉट्सअ‍ॅपही नसलेला मुद्दाम मागून घेतला.

बॅटरी तीन दिवस जाते, कमी बोललं तर चार. आवाज खणखणीत, बसमध्येही ऐकू येतो. एफएमला इयरफोन लावावाच लागतो. अलार्म इतका कर्कश आहे की वडिलांची झोप मोडायची, मग मी फोन उशीखाली ठेवायला लागलो. बटणं जाड रबराची आहेत, पहिला महिना अंगठा दुखला. मराठी मेनू आहे, मराठीत मेसेजही लिहिता येतो, पण 'प्रात्यक्षिक' शब्द लिहायला मला एकदा जवळपास पाऊण मिनिट लागलं. मग मी मेसेज सोडून फोनच करायला लागलो. मित्र म्हणतात, तुझा फोन आला की घाबरायला होतं, काय झालं म्हणून. तरी उचलतात.

पहिला अर्धा तारा मी याच्यासाठी कापला की विद्यापीठाचं सगळं आता स्मार्टफोन गृहीत धरूनच चालतं. वेळापत्रक बदललं, ग्रुपवर. प्रात्यक्षिकाची बॅच, ग्रुपवर. मी आता केगावला विद्यापीठाच्या आवारात एम.एस्सी.ला आहे, पहिल्या महिन्यात दोनदा असं झालं की पुणे रोडनं बस धरून तिथवर गेलो आणि तास रद्द. त्यावर उपाय म्हणजे वर्गातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, काही बदललं की मी साधा मेसेज टाकत जाईन. ती टाकते, न चुकता. तिचे उपकार आहेत. परीक्षेचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज ओटीपीवर चालतो आणि ओटीपी साध्या मेसेजनं येतो, त्यामुळे ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात बसून सगळं होतं.

पैशांचं म्हणाल तर क्यूआर स्कॅन करता येत नाही. साध्या फोनसाठी रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३ पे सुरू केलंय, नंबर लावून, आवाज ऐकून बटणं दाबायची. मी केलं दोन-चारदा, होतं. पण चहाच्या गाड्यावर मागं रांग असताना ते जमत नाही. मी आठवड्याला ३०० रुपये रोख काढतो आणि खिशात ठेवतो. याचा मी धरला नव्हता असा एक फायदा झाला. नोट मोडताना हात थांबतो. ८९ रुपये बोटानं जाताना कधीच थांबला नव्हता.

आता ज्यासाठी घेतला ते.

पहिल्या रात्री मी काय केलं असेल, तर फोनमधला सापाचा गेम काढला. साडेबारापर्यंत खेळलो. मग घाबरून फोन बंद केला, की अरे हे इथंही आलंच का. पण चौथ्या रात्रीपर्यंत त्याचा मला कंटाळा आला, आपोआप. साप भिंतीला धडकला की मेला. मग पडदा शांत. कुणी तुमची वाट बघत नाही, 'उद्या आलास तर पेटी मिळेल' असं म्हणत नाही, दोन महिन्यांनी तुमचा दर्जा खाली आणून पुन्हा चढायला लावत नाही. माझ्या गेममध्ये तीन पोरं हेडफोनमध्ये थांबलेली असायची, मी उठलो तर त्यांचा खेळ मोडायचा. ती पेटी तर दहातनं नऊ वेळा रिकामीच निघायची. नंतर डॉक्टरांनी मला सांगितलं की स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर हे बघितलं होतं: टोचलं की दर वेळी दाणा दिला, तर दाणा बंद केल्यावर पाखरू लवकर सोडून देतं, पण कधी मिळतो कधी नाही असं ठेवलं, तर ते टोचतच राहतं. ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर माझा अंगठा आला. मी बेशिस्त होतो हे खरं, पण समोर बसलेला गेमवाला दुकानदार माझ्यापेक्षा फार हुशार होता हेही खरं, आणि हे कळल्यावर पहिल्यांदा मला जरा मोकळं वाटलं.

डॉक्टरांपर्यंत कसा पोचलो, तर याच फोननं. फोन घेतल्यावर पाचव्या रात्री दीड वाजता झोप नव्हती, हाताची बोटं आपोआप हलायची, छातीत धडधड. कॉलेजच्या फलकावर १४४१६ नंबर बघितलेला, टेलि-मानस. मानसिक त्रासात फोनवर मदत करणारी केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, मराठीतही. साध्या फोनवरनं लागतो, एवढं तर मला त्या रात्री पुरेसं होतं. पलीकडे एक ताई होत्या. त्यांनी आधी नाव विचारलं नाही. जेवलास का, झोप किती, जीव नकोसा वाटतो का असं कधी मनात येतं का, हे विचारलं. शेवटच्या प्रश्नाला मी जरा थांबलो. त्या थांबल्या. मग मी बोललो. वीस-बावीस मिनिटं. त्यांनी सांगितलं, झोप येत नसताना अंथरुणात लोळू नको, उठून बस, आणि सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात जा.

केसपेपर काढून गेलो. डॉक्टरांनी सांगितलेलं जसं लक्षात आहे तसं लिहितो. खेळणारा प्रत्येक जण आजारी नसतो, बहुतेक नसतातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळावर ताबा राहत नाही, खेळ बाकी सगळ्याच्या पुढं जातो, आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही चालूच राहतं, ही तीन लक्षणं. साधारण बारा महिने असतील आणि शिक्षण-घर-कामाचं खरंच वाटोळं होत असेल, तर. ते तिन्ही विचारत गेले आणि मी तिन्हीला हो म्हणत गेलो. बाहेर येऊन रुग्णालयाच्या कट्ट्यावर बसलो. आजाराला नाव मिळालं की माणसाला वाईट वाटतं म्हणतात, मला उलटं झालं.

गोळ्या दिल्या नाहीत. एक वही करायला लावली: ओढ कधी आली, त्या आधी काय झालं होतं. महिन्याभरात कळलं की माझी ओढ रात्री अकराला येते, वडील कामाला गेल्यावर दाराची कडी लागली की. म्हणून अकराला मी आईजवळ बसायला लागलो. ती काजं करते, मी बटणं मोजून दहा-दहाच्या पुड्या करतो. हे काम मी आधी कधी केलं नव्हतं. ऐन मोसमात एका रात्रीत चाळीस-पन्नास पुड्या होतात.

आता राहिलेला एक तारा कशासाठी कापला ते. फोन एकटा काही करत नाही. मार्चमध्ये परीक्षेच्या आठ दिवस आधी मी आईच्या मशीनच्या खणातून जुना स्मार्टफोन काढला. 'नोट्स बघायच्यात' असं तिला सांगितलं. पहाटे चारपर्यंत खेळलो. तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी मीच आईला खरं सांगितलं, वहीत लिहिलं, डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पडलास ते लिहिलंस, चांगलं केलंस, आता पुढं. त्या उन्हाळ्यात दोन्ही विषय निघाले, एक बावन्न मार्कांनी, एक काठावर.

होस्टेलवरच्या एका मित्रानं माझाच फोन आठ दिवस मागून नेला होता. तिसऱ्या दिवशी परत आणून दिला. त्याचा दोष नाही. त्याच्या खोलीत चौघं, बाकी तिघं रात्रभर खेळतात, "ये बे, एकच मॅच, आमचा एक कमी पडायलाय," म्हणत स्वतःचा जास्तीचा फोन हातात देतात. अशा खोलीत बटणाचा फोन काय करणार. त्यानं आधी खोली बदलायला हवी होती, ती आता बदललीय, आणि पुढच्या महिन्यात तो पुन्हा प्रयत्न करणार आहे. लॅपटॉपवर खेळणाऱ्यालाही या फोनाचा उपयोग नाही, हे उघडच आहे.

घरच्यांसाठी एक. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमचा कायदा झाला, तेव्हा आमच्या नात्यातल्या एका काकांनी मला पेढा दिला, म्हणाले सुटलास बाबा. तो कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, रमी वगैरे. माझ्यासारख्याचा गेम त्यात येत नाही, तो चालूच आहे. आणि पोराचा फोन हिसकावून आपटू नका. आमच्या शेजारी एकानं आपटला, दुसऱ्या दिवशी पोरगं मित्राच्या घरी राहायला गेलं. हा साधा फोन पोरानं स्वतः मागितला तरच द्या. जबरदस्तीनं दिला तर ती शिक्षा होते.

जुना स्मार्टफोन अजून खणातच आहे, दोऱ्याच्या रिळांखाली. रविवारी दहा ते अकरा आई काढून देते, मी ग्रुप बघतो, नोट्स वहीत उतरवतो, परत देतो. गेम त्यात नाही. अकराला ती घड्याळ बघत नाही, मीच देतो.

टॉर्चबद्दल लिहायचं राहिलं. हा टॉर्च बटणाच्या फोनातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे, वरचं बटण दाबून धरलं की लागतो, कुलूप उघडावं लागत नाही. गेल्या बुधवारी पावणेतीनला पाणी आलं तेव्हा लाईट गेलेली. फोन टॉर्च लावून पिंपाच्या काठावर ठेवला आणि पाइप ओढत होतो, तेवढ्यात धक्का लागून तो थेट पाण्यात. तळाशी जाऊनही उजेड चालू होता. बाहेर काढला, बॅटरी काढली आणि लाईट आल्यावर पंख्याखाली ठेवला. दोन्ही पिंपं भरली, हौदही भरला. सकाळी वडील आले, दोन बादल्या घेऊन अंघोळीला गेले. दुपारी बॅटरी घालून बघितली तर फोन सुरू झाला. स्पीकर अजून थोडा खरखरतो, आणि आठचं बटण दोनदा दाबावं लागतं.